पांढरी घरे, गरम पाणी आणि १८४६ : पोलंडच्या डोंगरी गावांतून एक दिवस

#थ्रेड

१/ पोलंडमधील क्राकूफ शहरातून सकाळी निघायचे आणि रात्री परतायचे, अशी एक सहल सध्या फार लोकप्रिय आहे. दक्षिणेकडे सुमारे शंभर किलोमीटरवर तात्रा पर्वत आहे. त्याच्या पायथ्याशी एक लाकडी घरांचे गाव, धुरकट चवीचे मेंढीच्या दुधाचे चीज, झाकोपाने नावाचे गजबजलेले गिरिस्थान आणि शेवटी उघड्या आकाशाखाली गरम पाण्याचे कुंड, असा तिचा ठरलेला क्रम. माहितीपत्रकात या चारही थांब्यांना ‘अस्सल डोंगरी संस्कृती’ असे म्हटलेले असते.

२/ या ‘अस्सल’ शब्दापाशी आपण जरा थांबू. येथील माणसांना ‘तुम्ही नेमके कोण’ हे बाहेरून येऊन सांगणाऱ्यांची परंपरा दीडशे वर्षांची आहे. कवी आले, वास्तुविशारद आले, वंशशास्त्राच्या मोजपट्ट्या घेऊन नाझी आले. त्या आधी, १८४६ साली, येथील एका गावाने हा प्रश्न कोणी विचारण्याची वाट न पाहता स्वतःच एक उत्तर दिले होते. सहलीच्याच क्रमाने जाऊ, म्हणजे काळाची सरमिसळ झाली तरी रस्ता चुकणार नाही.

३/ आधी नावे. या प्रदेशाला पोद्हाले म्हणतात. अर्थ साधारण ‘उंच कुरणांखालचा मुलूख’. येथील रहिवासी म्हणजे गुराले, एकवचनी गुराल. आपल्या कानाला ‘गुरे’ आणि ‘गुराखी’ आठवतात. हे लोक मेंढपाळही आहेत, त्यामुळे मोह होतोच. पण दोहोंचा संबंध नाही. पोलिश भाषेत ‘गुरा’ म्हणजे डोंगर, आणि गुराल म्हणजे डोंगरात राहणारा. बस्स.

४/ पहिला थांबा होहोवूफ. आजच्या स्लोव्हाक सीमेला खेटून असलेल्या या गावात रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी घरे रांगेने उभी आहेत, सर्वांची अरुंद बाजू रस्त्याकडे. झाडाचे खोड उभे चिरून मिळालेले रुंद अर्धे ओंडके एकावर एक रचून भिंती उभारतात आणि मधल्या फटींत लाकडाच्या बारीक ढलप्यांचे पिळलेले दोर ठासून बसवतात. छपरावर लाकडी फळ्यांची कौले. घरात मधोमध ओसरीवजा जागा. एका बाजूला ‘काळी खोली’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पांढरी खोली’. काळ्या खोलीत चूल आणि रोजचा वावर, पांढरी पाहुण्यांसाठी आणि सणासुदीसाठी.

५/ डोंगरातील जुने लाकूड ऊनपावसाने करडे, काळपट होते. होहोवूफची घरे मात्र फिकट, जवळजवळ पांढरी दिसतात. कारण येथील लोक भिंती बाहेरून घासतात. साबणाच्या पाण्याने, वर्षातून एकदा, अख्खे घर. पर्यटकाला ही गंमत वाटते. ओंडक्यांचे घर घासून काढणे हे किती दिवसांचे काम असेल याचा हिशेब केला, की ती गंमत राहत नाही, शिस्त होते.

६/ आत गेलात तर छताकडे पाहा. छताला आधार देणाऱ्या मुख्य तुळईला ‘सोस्रेंब’ म्हणतात. तिच्यावर कोरीव फुलचक्र, घर बांधल्याचे साल आणि बहुधा बांधणाऱ्याचे नावही असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवे! ज्या शेतकऱ्यांविषयी सरकारी दप्तरात फक्त कर आणि खटले सापडतात, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ही ओळ आहे. एकाच फर वृक्षाच्या लाकडातून उभारल्याचे सांगितले जाणारे एक घरही येथे अभिमानाने दाखवतात.

७/ आता १८४६. पार्श्वभूमी थोडक्यात : १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला. पोद्हाले ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेले आणि ‘गॅलिशिया’ नावाच्या नव्या प्रांताचा भाग झाले. पोलंड हे राज्य नकाशावर उरलेच नाही. ते परत आणण्यासाठी फेब्रुवारी १८४६ मध्ये तिन्ही भागांत एकाच वेळी उठाव करण्याचा बेत आखला गेला.

८/ बेत आखणारे बहुतांश उमराव घराण्यांतील आणि शहरी शिक्षित. त्यांची खरी अडचण शत्रूची नव्हती, शेतकऱ्यांची होती. गॅलिशियातील शेतकरी उमरावांच्या शेतावर वेठीला जुंपलेला होता. ‘पोलंड’ म्हणजे त्याच्या लेखी धन्याचा पोलंड. आणि धन्यापासून थोडेफार संरक्षण देणारा कोण, तर दूर व्हिएन्नातला सम्राट. स्वातंत्र्याची हाक त्याला चाबकाच्या आवाजासारखी ऐकू आली असेल, तर दोष कोणाचा?

९/ पुढे घडले ते भयानक. उठावाच्या ठरल्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच तार्नुफ शहराच्या परिसरात शेतकऱ्यांच्या टोळ्या उमरावांच्या वाड्यांवर तुटून पडल्या. याकुब शेला हा स्मार्झोवा गावचा शेतकरी त्यांचा सर्वांत प्रसिद्ध म्होरक्या. सुमारे पाचशे वाडे उद्ध्वस्त झाले. मृतांचा आकडा किमान हजाराच्या घरात धरला जातो. ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी हे घडवून आणले, की नुसते घडू दिले, यावर आजही वाद आहेत. शेलाला मात्र नंतर बुकोविना प्रांतात जमीन देऊन वसवण्यात आले, ही नोंद पुरेशी बोलकी आहे.

१०/ आणि त्याच आठवड्यात, त्याच प्रांतात, होहोवूफच्या शेतकऱ्यांनी नेमके उलटे केले. २१ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ते पोलंडच्या नावाने शस्त्रे घेऊन उठले. पुढारी होता यान कांती आंद्रुशिकिएविच, गावच्या चर्चमधला ऑर्गनवादक आणि शाळामास्तर. सोबत क्म्येतोविच नावाचा तरुण सहायक पाद्री आणि शेजारच्या पोरोनिनचा पाद्री मिहाउ ग्वोवात्स्की. हातात बंदुका थोड्या. बाकी कुऱ्हाडी, विळे, कोयते.

११/ त्यांनी गावातील ऑस्ट्रियन जकात-पहारेकऱ्यांची चौकी घेतली आणि सीमेपलीकडे, तेव्हाच्या हंगेरीच्या हद्दीत, सुहा होरा येथील जकात नाक्यावर चाल केली. एका गावाने साम्राज्यावर उगवलेली ही मूठ एकच रात्र टिकली. दुसऱ्या दिवशी पहारेकरी परतले, तेही एकटे नव्हेत. त्यांच्या सोबत होते चार्नी दुनायेत्स या शेजारच्याच गावचे शेतकरी. तेही गुरालेच. चकमकीत आंद्रुशिकिएविच जखमी झाला आणि उठाव संपला.

१२/ बाहेरून मदत येण्याची शक्यता नव्हती. क्राकूफमधील उठाव मार्चच्या आरंभी चिरडला गेला आणि तोवर नाममात्र स्वतंत्र असलेले ते शहरही नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रियात विलीन झाले. ग्वोवात्स्की त्याच वर्षी कैदेत मरण पावला. आंद्रुशिकिएविच आणि क्म्येतोविच यांना १८४८ च्या क्रांतीच्या लाटेत सुटका मिळाली. त्याच १८४८ साली गॅलिशियातील वेठबिगारीही रद्द झाली, आणि ती सम्राटाच्या हुकमाने. पोलंडच्या कोणत्याही सरकारने नव्हे.

१३/ गावकरी या घटनेला ‘पोरुशेन्स्त्वो’ म्हणतात, म्हणजे खळबळ, चळवळ. शालेय पुस्तकांत ती ‘होहोवूफचा उठाव’ म्हणून येते. कथा सोपी केली जाते : डोंगरी माणूस मुळातच स्वातंत्र्यप्रिय, म्हणून तो उठला. हे स्पष्टीकरण मला पटत नाही. चार्नी दुनायेत्सचा माणूसही त्याच डोंगराखाली, त्याच नदीकाठी राहत होता. हवा तीच, पाणी तेच.

१४/ मग फरक कशात? एक, जमिनीचे नाते. जुन्या पोलिश राज्यात या भागातील अनेक गावे राजाच्या मालकीची होती. गावाच्या डोक्यावर बसलेला उमरावाचा वाडा आणि त्याभोवतीची वेठीची शेती हे चित्र येथे मैदानी मुलखाच्या मानाने विरळ. तार्नुफच्या शेतकऱ्याला ‘पोलंड’ म्हणताच जो चेहरा आठवे, तो होहोवूफमध्ये नव्हता. डोंगराळ जमिनीत राईसुद्धा धड पिकत नसे, पण जंगल आणि कुरणे यांवर गावांचे हक्क होते. आजही होहोवूफ, वितूफ, चार्नी दुनायेत्स धरून आठ गावांचा एक सामुदायिक संघ त्या परिसरातील जंगल आणि दरी सांभाळतो.

१५/ दोन, मास्तर आणि पाद्री. उठावाचा निरोप येथे उमरावाच्या तोंडून आला नाही. ज्याने मुलांना अक्षरे शिकवली, ज्याने रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, त्याच्या तोंडून तो आला. वेठ बंद होईल, जमीन कसणाऱ्याची होईल, हे क्राकूफच्या बंडखोर सरकारचे वचन गावोगाव पोहोचलेच नाही. होहोवूफला मात्र त्याच अर्थाचे काही सांगणारा विश्वासाचा माणूस घरचाच होता. चार्नी दुनायेत्समध्ये तो नव्हता. माझ्या मते निर्णायक फरक हाच.

१६/ बंडाची सवय जुनी होती, हेही खरे. सतराव्या शतकात येथील शेतकरी राजाने नेमलेल्या जुलमी अधिकाऱ्याविरुद्ध उठले होते. १६५१ मध्ये कोस्तका नापिएर्स्की याने चोर्श्तिनचा किल्ला घेऊन शेतकऱ्यांना हाक दिली, तेव्हा त्याच्या सोबत मृत्युदंड भोगणाऱ्यांत स्तानिस्वाफ वेंतोफ्स्की होता. तो कुठला? चार्नी दुनायेत्सचा! म्हणजे ‘या गावाचे रक्त बंडखोर, त्या गावाचे निष्ठावंत’ असली मांडणी दोनशे वर्षेही टिकत नाही.

१७/ दुसरा थांबा मेंढपाळाची झोपडी. कमी उंचीच्या छपराखाली सतत धूर करणारी आग, वर फळीवर सुकत ठेवलेली चीजची सोनेरी बोंडे. चातीसारखा आकार, दोन्ही टोके निमुळती, अंगावर लाकडी साच्याने उमटवलेली नक्षी. याला ‘ओस्त्सिपेक’ म्हणतात. २००८ मध्ये युरोपीय संघाने या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. मेंढीचे दूध मुख्य, गाईच्या दुधाचे प्रमाण मर्यादित, आणि बनवण्याचा हंगाम मेंढ्या कुरणावर असेपर्यंतचाच. भर हिवाळ्यात रस्त्यावर विकले जाते ते बहुधा याचे गाईच्या दुधाचे भावंड असते.

१८/ इतिहास शब्दांत दडलेला आहे. मुख्य मेंढपाळ ‘बात्सा’, त्याचे मदतनीस ‘युहास’, मऊ चीज ‘ब्रिन्दझा’, चीज काढल्यावर उरलेल्या पाण्याचे पेय ‘झेन्तित्सा’. यांतील अनेक शब्दांची नाळ रुमानियन भाषेशी जुळते. चौदाव्या ते सतराव्या शतकांत बाल्कन भागातून कार्पेथियन पर्वताच्या कडेकडेने व्लाख मेंढपाळ कळपांसह सरकत आले, त्यांचा हा ठसा. त्यांच्यात स्लोव्हाक, रुथेनियन मिसळले, खालून पोलिश शेतकरी वर सरकले, काही वस्त्यांत जर्मनही होते. ‘अस्सल’ गुराल संस्कृती अशी चारी दिशांनी भरलेल्या मडक्यासारखी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

१९/ मेंढपाळीही सलग चालत आलेली नाही. १९५० च्या दशकात तात्रा राष्ट्रीय उद्यान झाले आणि उंच कुरणांवरची चराई हळूहळू बंद करण्यात आली; कळप पूर्वेकडील दूरच्या डोंगरांत न्यावे लागले. १९८१ पासून काही कुरणांवर ‘सांस्कृतिक चराई’ या नावाने मर्यादित परवानगी आहे. आजचा पर्यटक पाहतो ती मेंढी एका अर्थी नियमाने ठेवलेली मेंढी आहे.

२०/ तिसरा थांबा झाकोपाने. १८७३ मध्ये येथे पटकीची साथ आली तेव्हा वॉर्साचे डॉक्टर तितुस हावुबिन्स्की गावात राबले. त्यांनीच या हवेची कीर्ती शहरांत पसरवली. क्षयरोगी आले, मागोमाग लेखक, चित्रकार, संगीतकार आले. १८९९ मध्ये रेल्वे आली. ज्या देशाला राज्य नव्हते, त्याच्या बुद्धिजीवींना तात्राच्या कुशीत एक मोकळा पोलंड सापडल्यासारखे वाटले. आणि त्या पोलंडचा आदिमानव म्हणून त्यांना सापडला गुराल.

२१/ यांतले सर्वांत प्रभावी नाव स्तानिस्वाफ वित्किएविच. गुरालांच्या घरांवरील कोरीवकाम पाहून त्यांनी सिद्धान्त मांडला की हीच मूळ पोलिश शैली; मैदानात ती पुसली गेली, डोंगरात टिकली. १८९२ ते १८९४ मध्ये उभारलेला ‘कोलिबा’ हा बंगला ‘झाकोपाने शैली’चा पहिला नमुना. त्या आधी येथील लाकूडकाम शाळेत टायरॉली वळणाची नक्षी शिकवली जात असे, तिला वित्किएविच यांचा विरोध होता. त्यांचे बंगले सुंदर आहेत, यात शंका नाही. पण मूळ गुराल घर दोन खोल्यांचे आणि धुरकट होते. ‘कोलिबा’ हा सधन माणसाचा निवास.

२२/ झाकोपानेतील एक स्मारक या नात्याचे अख्खे चित्र आहे. १९०३ मध्ये उभारलेले हे स्मारक वित्किएविच यांच्याच आराखड्याचे. वर उंच चौथऱ्यावर डॉक्टर हावुबिन्स्की यांचा अर्धपुतळा. खाली पायथ्याशी, हातात वाद्य घेऊन बसलेला म्हातारा गुराल कथेकरी साबावा, खरे नाव यान क्शेप्तोफ्स्की. वर पाहणारा. कौतुक खरे, प्रेमही खरे. तरी कोण कुठे बसला आहे ते पाहाच.

२३/ क्शेप्तोफ्स्की हे आडनाव पुन्हा येते, आणि या वेळी फार कडवटपणे. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंड व्यापला. नाझी अभ्यासकांनी त्याच घरांकडे, त्याच नक्षीकडे, त्याच मिश्र रक्ताकडे पाहून उलटा निष्कर्ष काढला : गुराले पोलिश नाहीतच, ते जर्मन मुळाचे ‘गोरालेनफोल्क’. हेतू उघड होता. पोलिश समाजाचे जितके तुकडे होतील तितके हवे होते.

२४/ त्यांना स्थानिक चेहरा मिळाला वात्स्वाफ क्शेप्तोफ्स्की, साबावाच्याच घराण्यातला, युद्धापूर्वी शेतकरी पक्षाचा कार्यकर्ता. नोव्हेंबर १९३९ मध्ये तो क्राकूफच्या वावेल किल्ल्यात गव्हर्नर-जनरल हान्स फ्रांक याच्यापुढे गुरालांचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला. पुढे ओळखपत्रांवर ‘पोलिश’ ऐवजी ‘गुराल’ दर्शवणारे ‘G’ अक्षर घेण्याची मोहीम निघाली. सुमारे १८ टक्के लोकांनी ते घेतले. दबावाने, भीतीने, शिधा किंवा सवलतीच्या आशेने, काहींनी पटले म्हणूनही. गावागणिक प्रमाण फार वेगळे होते. पुन्हा तोच १८४६ चा धडा.

२५/ उरलेल्यांनी घेतले नाही. कवी आउगुस्तिन सुस्की आणि साथीदारांनी १९४१ मध्ये या मोहिमेविरुद्ध ‘तात्रा महासंघ’ ही गुप्त संघटना उभारली. सुस्की आउश्वित्समध्ये मरण पावले. ऑलिंपिकपटू स्कीयर ब्रोनिस्वाफ चेख यांचा अंतही तेथेच झाला. तात्राच्या खिंडींतून हंगेरीकडे निरोप नेणाऱ्यांत स्कीविजेती हेलेना मारुसाझूव्ना होती. तिला १९४१ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. गुरालांची स्वतंत्र एसएस तुकडी उभारण्याचा जर्मन प्रयत्न तर फजितीत संपला. जानेवारी १९४५ मध्ये पोलिश भूमिगत सैनिकांनी क्शेप्तोफ्स्कीला फाशी दिली.

२६/ युद्धानंतर हा विषय अनेक दशके दबक्या आवाजात राहिला. गावे लहान, प्रत्येकाला ठाऊक की कोणाच्या आजोबांच्या ओळखपत्रावर कोणते अक्षर होते. सहलीचे मार्गदर्शक १८४६ सांगतात, १९४२ शक्यतो टाळतात. मला यात ढोंगापेक्षा शेजारधर्म अधिक दिसतो. पण इतिहास लिहिणाऱ्याला ती सवलत घेता येत नाही.

२७/ शेवटचा थांबा गरम पाणी. हे तरी प्राचीन असेल, असे वाटते ना? झाकोपानेजवळ याश्चुरुफ्का येथे जेमतेम २० अंशांचा एक कोमट झरा होता. भूगर्भशास्त्रज्ञ लुद्विक झेइश्नर यांनी १८४० च्या दशकात त्याचे वर्णन केले आणि पुढे तेथे स्नानगृह झाले. त्यापलीकडे डोंगरी गावांत गरम स्नानाची परंपरा म्हणावी असे काही नाही. आजची कुंडे समाजवादी काळातील बोअरची देणगी आहेत.

२८/ यंत्रणा सुरेख आहे. तात्रावर पडलेला पाऊस आणि बर्फ चुनखडकाच्या भेगांतून आत मुरतो. हे खडकाचे थर उत्तरेकडे, पोद्हालेच्या खाली, खोल खोल उतरत जातात. वर पाणी न झिरपू देणाऱ्या खडकाचे जाड झाकण. पाणी तापते, दाबाखाली अडकते, आणि बोअर घेतली की पुष्कळदा पंपाशिवाय वर उसळते.

२९/ १९६० च्या दशकात झाकोपानेत तीन किलोमीटरहून खोल बोअर घेतली गेली. मग १९७९ ते १९८१ मध्ये बान्स्का गावी ५,२६१ मीटर खोल बोअर घेतली गेली आणि तिच्यातून ८० अंशांहून गरम पाणी मिळाले. त्याचा पहिला मोठा उपयोग पोहण्यासाठी नव्हे, घरे उबदार ठेवण्यासाठी झाला. दरीत कोळशाचा धूर कोंडत असे. १९९० च्या दशकात बान्स्कातील घरांना भूगर्भातील उष्णता मिळू लागली, पुढे झाकोपानेलाही. मोठी स्नानसंकुले त्यानंतरची : बुकोविना २००८, ब्याउका २०११ आणि होहोवूफ २०१६.

३०/ हो, होहोवूफच. जेथे १८४६ मध्ये शाळामास्तर कुऱ्हाडी घेऊन जकात चौकीवर गेला, त्याच गावात आता साडेतीन किलोमीटर खोलवरून येणारे पाणी निववून कुंडांत सोडतात. उठावाचे छोटे संग्रहालय गावातील एका जुन्या लाकडी घरात आहे. सहलीच्या गाड्या बहुधा तेथे थांबत नाहीत, किंवा घाईत थांबतात. गेलात तर वेळ मागून घ्या, आणि आत शिरताच तुळईवरचे साल वाचा.

३१/ पुढच्या थ्रेडमध्ये याच डोंगरातील मॉर्स्किए ओको सरोवर : गॅलिशिया आणि हंगेरी, दोन्ही एकाच सम्राटाच्या छत्राखाली असताना, एका तळ्यासाठी इतके भांडले की १९०२ मध्ये ग्राझ शहरात आंतरराष्ट्रीय लवाद बसवावा लागला, त्याची हकिकत.